डावा बूट

गोल्फ म्हणजे नेमकं काय असतं हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. त्यात चेंडू भोकात घालायचा असतो एवढं माहीत आहे, आणि त्यात माणसाचा पाय मोडतो हेही माहीत आहे. नव्वदच्या दशकात आम्ही एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. देवळाली प्रवऱ्याचा बाजार जवळ, चहूकडे ऊस, आणि त्या उसाच्या मधोमध गोल्फचं मैदान. आज कुणाला सांगितलं तर मी थट्टा करते असं वाटतं. तेव्हा मलाही ती थट्टाच वाटायची.

मैदान आणलं आमच्या एमडी साहेबांनी. कार्यकारी संचालक हा शब्द फक्त पाटीवर होता, कॉलनीत बायकापोरांसकट सगळे एमडीच म्हणत. ते बाहेर कुठे कुठे नोकऱ्या करून आले होते आणि येताना काठ्यांनी भरलेली एक लांबुळकी पिशवी घेऊन आले होते. गेस्ट हाऊसच्या मागे बेण्याच्या उसाचा एक तुकडा होता. जमीन खारावून चोपण झालेली, ऊस धड येत नव्हता. तिथे साहेबांनी गवत लावून घेतलं, पाच भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात झेंडा रोवला. रस्त्यानं जाणारे शेतकरी सायकल थांबवून बघत राहायचे. एकानं माझ्यादेखत माळ्याला विचारलं, "ह्ये पीक तोडायचं कवा?" माळ्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी अधिकाऱ्यांनी मैदानावर यावं असा काही नियम नव्हता. फक्त जो आला नाही, त्याला सोमवारी साहेब सगळ्यांसमोर विचारायचे, "तब्येत बरी आहे ना?" फार मायेनं विचारायचे. त्या मायेच्या धाकानं चीफ इंजिनिअरपासून कारखान्याच्या डॉक्टरांपर्यंत सगळे रविवारी हजर. माझा नवराही त्यातच. तो शेतकी खात्यात होता. सगळा आठवडा मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचं, कुणाचा ऊस कसा आहे, तोड कधी द्यायची ते बघायचं, शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. सहा दिवस उसातला चिखल तुडवणारा माणूस सातव्या दिवशी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून गवतावर चालायला जायचा. बुटांचे तळ झिजून गुळगुळीत झाले होते. खिळ्यांचे बूट एकट्या साहेबांकडे होते.

"तुम्हाला आवडतं का हो ते?" मी एकदा विचारलं होतं.

"आवडायचं काय त्यात? चहा चांगला असतो," तो म्हणाला.

मैदानाचा माळी मिरजगावकडचा होता. कर्जत तालुक्यातला तो कोरडा मुलूख, त्याचा अर्धा जन्म आभाळाकडे बघण्यात गेलेला. आमच्या कालव्याच्या भागात आल्यावर पाट भरून वाहताना बघून तो कामधंदा विसरून काठावर उभा राहायचा. बाकी माणूस मोठा खवट. गवतावरून कुणी चपला घालून गेलं तर साहेबांची बायको का असेना, ओरडायचा. थंडीत पहाटे तो आणि त्याची बायको एक लांब दोर दोन टोकांना धरून सगळ्या मैदानावरून ओढत न्यायचे. त्यानं गवतावरचं दव झडायचं आणि साहेब लोकांचे चेंडू नीट घरंगळायचे. मी कॉलनीच्या बालवाडीत शिकवायचे. सकाळी शाळा उघडायला जाताना ते दोघं धुक्यात वाकून चाललेले दिसायचे. मला त्यांची कीव यायची. पुढे कुणाचीच कीव येईनाशी झाली ते वेगळं.

त्या जानेवारीत थंडी अशी पडली की ऊसतोडीच्या टोळ्या ऊन वर येईपर्यंत शेकोटी सोडायला तयार नव्हत्या. साहेबांना काळजी गवताची. गवत पिवळं पडता कामा नये असं त्यांनी माळ्याला बजावलं होतं, कारण पुढच्या आठवड्यात त्यांचे कोणी पाहुणे खेळायला यायचे होते. आणि नेमकी त्या शनिवारी कारखान्याच्या जमिनीची पाण्याची पाळी आली. आमच्याकडे कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं. ज्याची पाळी त्यानं घ्यायचं, नाही घेतलं तर गेलं. शिवाय कडाक्याच्या थंडीत शेतकरी रानाला पाणी देतातच. जमीन ओली असली की पीक थंडीनं करपत नाही, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. माळ्यानं गवत हे पीकच धरलं आणि शनिवारी संध्याकाळी पाटाची चारी फोडून मैदानाला पोटभर पाणी दिलं. हरभऱ्याला द्यावं तसं.

रविवारी सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता.

"आज झोपा की. एवढ्या थंडीत कोण खेळतंय?"

"साहेब विचारतील," असं म्हणून त्यानं मफलर गुंडाळला आणि गेला.

माळ्यानं रोजच्यासारखा दोर फिरवला होता, त्यामुळे वरून गवत कोरडं दिसत होतं. खालची चोपण जमीन साबणासारखी झाली होती. नंतर काही जणांनी सांगितलं की साचलेल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. मला ते खोटं वाटतं. आमच्याकडे एवढी थंडी पडत नाही, पण लोकांना गोष्ट रंगवायला काहीतरी लागतं. तिसऱ्या झेंड्याकडच्या उतारावर माझ्या नवऱ्यानं काठी उगारली, उजवा पाय खालच्या खाली निघून गेला, डावा जागच्या जागी रुतला. उसाचं कांडं मोडल्यासारखा आवाज झाला, असं तोच सांगतो. साहेबांचा चेंडू त्या वेळी भोकाजवळ होता. त्यांनी तो आधी आत घातला, मग जीप बोलावली. हे मला इंजिनिअरच्या बायकोनं सांगितलं, आणि ते मात्र मला खरं वाटतं.

नगरला दवाखान्यात नेलं. गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं आणि गुडघ्याच्या बाजूनं जाणारी शीर चेमटली होती. "हाड जुळेल," सर्जन म्हणाले, "शिरेचं काही सांगता येत नाही." मी मान डोलावली. ऑपरेशन चालू असताना मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरची 'येथे थुंकू नये' ही पाटी वाचत होते. ती वाचून झाली की पुन्हा वाचायची. शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रड गं बाई, रडलं की हलकं वाटतं." मला रडू येत नव्हतं. मला भूकही नव्हती आणि भीतीही नव्हती. थंडीत बोटं आखडून जातात तसं आतून काहीतरी आखडलं होतं, आणि ते बरंच होतं असं मला तेव्हा वाटलं.

उन्हं तापायला लागली तेव्हा प्लास्टर निघालं आणि डावं पाऊल लोंबकळलं. घोट्यापासून वर उचललंच जाईना. पावलाच्या वरच्या बाजूला हात लावला तर त्याला कळायचं नाही. एकदा मी गरम पाण्याची पिशवी शेकायला ठेवली आणि पोळ्या करायला गेले. परत आले तर तो पेपर वाचत बसला होता आणि पावलावर टम्म फोड आला होता. "अगं, मला काहीच वाटलं नाही," तो म्हणाला. अपराध्यासारखं म्हणाला, जणू फोड माझ्या पायावर आला होता.

खरी अडचण पुढे होती. शेतकी खात्यातल्या माणसाला मोटारसायकल चालवता आली नाही तर त्याचं खात्यात काय काम? आणि डावं पाऊल उचललं जात नसेल तर गिअर कसा टाकणार? नोकरी जायची वेळ आली होती. नोकरी गेली की क्वार्टर जाणार, आणि गावाकडे आमचं म्हणावं असं काही उरलेलं नव्हतं. वाचायला एकच वाट होती. अपघात कामावर झाला असं ठरलं, तर त्याला सांभाळून घेणं कारखान्याला भाग होतं. हौसेनं खेळताना झाला असं ठरलं, तर सगळं साहेबांच्या मर्जीवर. म्हणून या अपघाताला जबाबदार कोण, हा प्रश्न इतरांना चहाबरोबर चघळायला होता. मला त्याच्यावर छप्पर टिकवायचं होतं.

आणि चघळायला कोण नव्हतं? आमच्या बाहेरच्या खोलीत रोज एकजण येऊन बसायचा आणि खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडून जायचा. इंजिनिअर म्हणाले, बूट चुकीचे होते. म्हणजे माझा नवरा जबाबदार. डॉक्टर म्हणाले, थंडीत सांधे आखडलेले असतात, खेळण्याआधी अंग गरम करायला हवं होतं. म्हणजे पुन्हा माझा नवराच. त्या मैदानावर अंग गरम करताना मी या डॉक्टरांना कधी पाहिलं नव्हतं, चहानं करायचे ते सोडून. शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली. तिला मी निदान मीठमोहऱ्या आणायला पाठवू शकले. साहेब स्वतः सफरचंदं घेऊन आले. खुर्चीच्या टोकावर बसले, पायाकडे अजिबात न बघता म्हणाले, "माळ्यानं फार हलगर्जीपणा केला. चौकशी लावली आहे." सफरचंदं गोड होती. आम्ही ती सगळी खाल्ली.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी माळी आमच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. त्याची नोकरी हंगामी होती, त्याला घालवायला एक वाक्य पुरेसं होतं, हे त्यालाही माहीत होतं. नवरा आत झोपला होता. मी अंगणात गहू वाळत घालत होते. मला वाटलं हा पाया पडायला आला असेल. माझी तयारी होती, पडू द्यावं म्हटलं.

"बाई, तुमचं सायेब उंद्या काय सांगनार हायती?"

"जे झालं ते सांगतील. पाणी तुम्ही दिलं ना?"

"व्हय, मीच दिलं. त्यात काय चोरी हाय?" तो जवळजवळ माझ्याच अंगावर आला. "पाळीचं पानी सोडून द्यायचं आसतं व्हय? आन थंडी किती पडल्ती! न्हाई दिलं आसतं तर समदं गवत करपून गेलं आसतं."

"आणि माणूस पडला त्याचं काय?"

तो एक पाऊल मागे सरला. मग म्हणाला, "बाई, मला गवत सांबाळाया ठिवलंय. गवताला काय झालंय का, जाऊन बघा. मानसं कुनी सांबाळायची हुती, ते मला कुनी सांगितलं न्हाई. तुमाला ठावं आसंल तर तुमी सांगा."

मी गव्हातले खडे वेचत राहिले. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, कॉलनीत माझ्या जिभेला लोक वचकून असत. त्या दिवशी मी आत राग शोधला. या माणसावर नाही तर साहेबांवर, साहेबांवर नाही तर नवऱ्यावर, कुणावर तरी तो असायला हवा होता. कुठेच सापडला नाही. माळी जाताना म्हणाला, "गहू लई चांगला हाय." मी हो म्हटलं.

चौकशी गेस्ट हाऊसमध्ये होती. सकाळी नवऱ्याला विजार घालून देताना मी त्याला सांगितलं, "हे बघा, माळ्याचं नाव घेऊ नका आणि स्वतःवरही घेऊ नका. एवढंच म्हणा, रविवारी आलो नाही तर साहेब सोमवारी विचारतात, म्हणून मी आलो होतो. मग ते काम झालं, खेळ नाही. रविवारी येणारे बाकीचेही तिथे बसलेले असतील, त्यांना विचारा म्हणावं."

"बघू," तो म्हणाला.

"बघू नाही. म्हणा."

"अगं हो. म्हणतो."

कुबड्यांवर त्याला आत सोडून मी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले. खिडकी उघडी होती. पलीकडे मैदान हिरवंगार दिसत होतं, माळ्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तो स्वतः पायऱ्यांपाशी उकिडवा बसून होता, माझ्याकडे पाठ करून. आत साहेबांचा आवाज अगदी मायेचा होता.

"तुम्हाला त्या दिवशी यायला कुणी सांगितलं होतं का?"

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आत इंजिनिअर खोकले. कुणीतरी कप बशीवर ठेवला.

"नाही साहेब," माझा नवरा म्हणाला.

"मैदान ओलं आहे हे लक्षात आलं नाही?"

"थंडी होती साहेब, धुकं होतं. लक्ष गेलं नाही. माझाच पाय घसरला. कुणाचा दोष नाही."

आत सगळ्यांनी एकदम खुर्च्या हलवल्या. सगळे सुटले होते. इंजिनिअर सुटले, डॉक्टर सुटले, साहेब सुटले. माळीही सुटला, त्याला आत बोलावलंच नाही. मोठ्यानं बोलणं सुरू झालं, कुणीतरी भजी सांगितली. माझ्यासाठी बाहेर चहा आला आणि मी तो प्याले. चहा खरंच चांगला होता.

घरी आल्यावर तो म्हणाला, "तू सांगितलंस तसं नाही बोलता आलं. सगळे बघत होते गं. राग आला का?"

"नाही," मी म्हणाले. मला राग आला नव्हता. मला काहीच आलं नव्हतं, आणि मी त्याचं ताट वाढायला घेतलं.

साहेबांनी मन मोठं केलं. असं सगळे म्हणाले म्हणून मीही म्हणते. पुढच्या हंगामात नवऱ्याला वजनकाट्यावर बसवलं. गाड्या येणार, याने बसल्या जागी वजन बघायचं. हुद्दा खालचा, पण क्वार्टर राहिली. मोटारसायकल दुसऱ्या कुणाला दिली. मैदानाच्या तोंडाशी कारखान्याच्या पेंटरनं एक पाटी रंगवली, 'खेळणाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर खेळावे'. अक्षर सुरेख होतं. रविवारी सकाळी तिच्या बाजूने सगळे आत जायचे. माझ्या नवऱ्याला आता सोमवारी कुणी तब्येत विचारत नव्हतं.

नगरच्या एका कारागिराकडून त्याच्यासाठी बूट बनवून घेतला. डाव्या पायाचा. घोट्याच्या वर येणारा, बाजूला लोखंडी पट्टी, आणि वर पोटरीला आवळायची चामड्याची वादी. त्या पट्टीनं पाऊल उचललेलं राहायचं आणि त्याला चालता यायचं. पण गुडघा पुरता वाकत नव्हता, त्यामुळे त्याचा हात बुटापर्यंत पोचायचा नाही. बूट मी घालायचे. रोज सकाळी तो खाटेच्या कडेला बसायचा, मी खाली बसायचे, पाऊल बुटात बसवायचे, बोटं आत दुमडली नाहीत ना ते हात घालून बघायचे, कारण दुमडली तरी त्याला कळणार नव्हतं. मग नाड्या, मग वादी. मग मी माझी बालवाडी गाठायची. कुणी विचारलं असतं की या अपघाताची जबाबदारी शेवटी कुणावर आली, तर म्हटलं असतं, सकाळी आमच्या घरात येऊन बघा.

पुढचा हिवाळा आला. पुन्हा तशीच थंडी, आणि सकाळी मैदानावर दोर ओढणारी ती दोघं. एका रविवारी मी त्याचा बूट घालत होते. रविवारी बालवाडीला सुट्टी असते, काट्याला नसते. खिडकीतून मैदानाकडे जाणारा रस्ता दिसायचा. साहेब, इंजिनिअर, डॉक्टर हसत चालले होते. साहेबांनी आमच्या खिडकीकडे बघून हात केला. माझ्या नवऱ्यानं लगबगीनं मफलर सारखा करून हात वर केला, आणि हसला.

ते हसू मी खालून बघितलं. आणि वर्षभर जे आलं नव्हतं ते त्या क्षणी आलं. ते माझ्या हातात आलं. वादीचं टोक हातात होतं, ते मी ओढलं. नेहमीच्या भोकाच्या पुढे ओढलं, त्याच्याही पुढे, दात आवळून, माझी बोटं दुखेपर्यंत. वादी पोटरीत रुतली, तिथे मात्र त्याला कळत होतं. तिच्या वरखालची कातडी आधी लाल झाली, मग पांढरी पडली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ओरड म्हटलं. एकदा तरी म्हण, दुखतंय म्हणून.

तो अजून खिडकीबाहेरच बघत होता.

"आज थंडी जास्त आहे, नाही गं?" तो म्हणाला. "माळ्यानं पाणी दिलं नसलं म्हणजे बरं. कुणीतरी पडेल."

मी वादी सोडली. पोटरीवर वळ उठला होता, तो हातानं चोळला, आणि मग वादी नेहमीच्या भोकात पुन्हा बांधली.